नमुन्याची बाटली मीच भरली

आमच्या गावचं पाणी खारं आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कोणी म्हणायला नको की बाईनं लपवलं. लपवण्यानंच तर सगळा घोळ झाला.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अकोल्यापासून तिकडे दर्यापूरपर्यंत, जमिनीखालचं पाणी खारट निघतं. खारपाणपट्टाच म्हणतात याला. वर काळी माती अशी की हरभरा नुसता फेकला तरी उगवावा, आणि खाली विहीर खणली की तोंड वाकडं करणारं पाणी. त्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि नवा तांब्या महिन्याभरात आतून पांढरा होतो. केसांचं तर विचारूच नका. लग्नात माझी वेणी मनगटाएवढी होती, पहिल्या दिवाळीपर्यंत तिचा काथ्या झाला.

माझं माहेर कौंडण्यपूरच्या बाजूचं, वर्धा नदीच्या काठचं. पाण्याला चव असते हे मला तिथं कधी कळलंच नाही. आमचे बाबा मोठे चौकस माणूस. हे स्थळ आलं तेव्हा लोकांनी त्यांना सांगितलं, जमीन चांगली आहे, मुलगा चांगला आहे, पण पाणी पाहून घ्या. म्हणून बाबा मुलाला पाहायला नाही, पाणी पाहायला आले. सासूबाईंनी पितळी गडू भरून पुढं केला. बाबांनी एक प्यायला, दुसरा मागून प्यायला, आणि घरी येऊन आईला म्हणाले, "लोक उगाच बदनाम करतात त्या भागाले. पानी तं आपल्याहून गोड हाय."

झालं, लग्न ठरलं.

लग्नानंतर दोन दिवस सगळं गोड. तिसऱ्या दिवशी सकाळचा चहा तोंडाला लावला तर खारट! मला वाटलं, नणंदेनं नव्या नवरीची गंमत केली, साखरेच्या जागी मीठ टाकलं. आपण रडूबाई दिसायला नको म्हणून मी हसत हसत कप रिकामा केला. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. पाचव्या दिवशी मात्र मी सासूबाईंना विचारलं, आत्या, नणंदबाईंची गंमत संपायची आहे का अजून?

सासूबाई म्हणाल्या, "गंमत कायची वं? दोन दिवस पाहुनी होती तं गोडं पेली. आता तू घरची झाली."

तेव्हा मला तो माठ दाखवला गेला. स्वयंपाकघरात कोपऱ्यात तिवईवर, तांब्याचं झाकण घातलेला, छोटासा. त्याला पाहुण्यांचा माठ म्हणायचं. गावाच्या प्रत्येक घरात असा एक. नाल्यापलीकडच्या गावात एक गोडी विहीर होती, तिथून बैलगाडीनं पाणी यायचं, आणि ते फक्त पाहुण्यांचं. घरातल्यांनी हात लावायचा नाही. पोरांनी लावला तर चिमटा बसायचा. घरच्या माणसांना विहिरीचं, आलेल्याला गोडं. पाहुण्याच्या तोंडाची चव बिघडली तर गावाचं नाक गेलं, असा हिशेब. बाबांना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बुढीनं मले बरोबर गंडवलं."

आता पुढचं सांगायला थोडी लाज वाटते. काही वर्षांनी धाकट्या दिराचं लग्न ठरायचं होतं. मुलीचे वडील, म्हणजे माझ्या जावेचे वडील, घर पाहायला आले. तोवर माठाचं खातं माझ्याकडं आलं होतं. मी डोक्यावरचा पदर सारखा केला, तोच पितळी गडू भरला आणि त्यांच्यापुढं धरला. ते प्यायले आणि म्हणाले, "वा." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, किती शालीन सून आहे.

जाऊ आली, तिसऱ्या दिवशी तिनंही चहा तोंडाला लावला आणि माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहत होते.

जाऊ माझी मोठी गुणी बाई. कधी तक्रार नाही. भाजी अळणी झाली तरी जेवेल, पोळी करपली तर करपलेली आपल्या ताटात घेईल. तसंच ते पाणीही मुकाट्यानं प्यायली, पंचवीस-तीस वर्षं. मग पाय सुजायला लागले. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, दोन्ही किडन्या दमल्या आहेत, आजपासून विहिरीच्या पाण्याचा थेंब नको. आमच्या भागात हे दुखणं नवं नाही, चार घरं सोडून पाचव्यात निघतं. पण दुसऱ्याच्या घरात निघतं तेव्हा आपण चुकचुकतो. आपल्या घरात निघालं की तो पितळी गडू झोपेतही दिसतो. तिच्या बापाला मीच पाजला होता ना!

हे दुखणं निघायच्या वर्षभर आधी गावात एक साहेब येऊन गेले होते. धरणावरून गावोगाव नळानं गोडं पाणी द्यायची मोठी योजना निघाली होती. कोणती गावं तिच्यात घ्यायची, हे ठरवायला ते पाण्याचे नमुने गोळा करत फिरत होते. तेव्हाचे सरपंच म्हणजे भारदस्त माणूस. मिशा, आवाज, पांढरं धोतर, सगळं जागच्या जागी. दर सभेत त्यांचं पाण्यावर भाषण व्हायचं, आणि बोलता बोलता त्यांचाच घसा कोरडा पडायचा. त्यांनी साहेबांचं जेवण आमच्याकडं ठेवलं, कारण गावात माझ्या हातच्या वरणाचं नाव होतं. नाव का असणार नाही? पाहुण्याचं वरण माठातल्या पाण्यात शिजायचं. लोण्यासारखं!

साहेब पोटभर जेवले. "वरण फार छान," म्हणाले. मग पिशवीतून एक प्लॅस्टिकची बाटली काढून म्हणाले, "गावातल्या पिण्याच्या पाण्याचा नमुना हवा होता."

सरपंचांनी माझ्याकडं पाहिलं. मी बाटली घेऊन आत गेले.

आता तुम्हीच सांगा. पाहुणा ओट्यावर बसलेला आहे, त्यानं पाणी मागितलं आहे, आणि त्याच्या हाती खारं पाणी द्यायचं? हात धजायला नको का? माझा हात आपोआप तांब्याच्या झाकणावर गेला. बाटली मी त्याच पाण्यानं तीनदा स्वच्छ विसळली, गळ्यापर्यंत भरली, पदरानं पुसली. वर चिकटवायची चिठ्ठी होती. माझं अक्षर बरं आहे म्हणून तीही मीच लिहिली. गावाचं नाव, "पिण्याचे पाणी", आणि एका कागदावर भरणाऱ्याची सही. सही करताना तर मला भलताच अभिमान वाटला. सरकारच्या कागदावर माझी पहिली सही!

साहेब गेले, बाटली गेली, आणि मी विसरून गेले. अगदी खरं सांगते, त्यात काही चुकलं असं मनालाही शिवलं नाही.

मग निवडणूक झाली. सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं. जुन्या सरपंचांनी आपल्या सुनेला उभं केलं आणि ती निवडून आली. पोरगी अमरावतीत शिकलेली, बोलायला हळू. गावाला वाटलं, खुर्चीवर सून बसेल आणि आवाज सासऱ्याचा येईल. सासऱ्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण पहिल्या सभेत ते तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. तिनं उठून त्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, "मामाजी, तुमी समोर बसा ना, मंग मले तुमच्याकडं पाहून बोलता येईन." मामाजी समोर जाऊन बसले. त्यांना तो मान वाटला. खाली बसल्यावर कळलं की आपण लोकांत आलो.

तिनं महिन्याभरात एक काम केलं, जे आधी कोणी केलं नव्हतं. योजनेत आपलं गाव कुठं अडलं, हे विचारायला ती एसटीनं अकोल्याच्या कार्यालयात गेली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा तिला कागद मिळाला. तो तिनं ग्रामसभेत वाचला. "सदर गावातील पिण्याचे पाणी तपासणीत उत्तम व पिण्यायोग्य आढळले. सबब गावाचा योजनेत समावेश करण्याची आवश्यकता नाही."

मग जो गोंधळ उठला!

"उत्तम? कोनाचं उत्तम?"

"पेला होता काय त्यानं?"

"अरे, खोटा रिपोर्ट हाय! टेबलावर बसून लिहिला!"

जुने सरपंच उभे राहिले. आवाज लावला. "हा गावाचा अपमान हाय! सोमवारी सगळ्या बायांनी रिकाम्या घागरी घ्यायच्या. अकोल्यात मोर्चा. त्या तपासनाऱ्याले इथं आनू अन् हापशाचं पानी पाजू!"

सगळे टाळ्या वाजवत होते. माझ्या शेजारी जाऊ बसली होती, सुजलेले पाय पुढं पसरून. तीही टाळ्या वाजवत होती. मला म्हणाली, "पाहा ना वं जिजी, कसे खोटारडे लोक असतात."

मी टाळी वाजवायला हात वर केले होते, ते तसेच राहिले. बाटली आठवली. तीनदा विसळलेली.

दोन दिवस मी घरात सैरभैर. दूध उतू गेलं, आजीबाईंसारखी एकटीच बोलत राहिले. (आता मी आजीबाईच आहे, पण तेव्हा तसं वाटत नव्हतं.) रविवारी दुपारी शेवटी सरपंचबाईच्या घरी गेले. ती ओसरीत कागद पसरून बसली होती. मी म्हणाले, "पोरी, तुले एक सांगाचं हाय. पन हसू नको अन् ओरडू बी नको."

"सांगा ना, काकू."

मी सांगितलं. गडूपासून चिठ्ठीपर्यंत सगळं. ती ऐकत होती, मग तिनं पदर तोंडात धरला. खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं तरी बाईचं हसू थांबेना. मग तिनं गठ्ठ्यातून एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. त्या नमुन्याच्या कागदाची नक्कल. खाली, सुबक, गोल अक्षरात माझी सही.

"म्हंजे तुले माहीत होतं?"

"अकोल्यालेच पाह्यली मी. अक्षर ओळखलं. बचतगटाच्या वहीत रोज तं पाहतो."

"मंग सभेत काहून नाई बोलली?"

"वाट पाहून राहिली होती मी," ती म्हणाली. "मी बोलली असती तं लोक तुमच्यावर बोलले असते. तुमी बोलल्या तं लोक ऐकतीन."

मला तिचा राग आला, खोटं कशाला सांगू? दोन दिवस माझं दूध उतू गेलं ते हिच्यामुळं. पण ती हसून माझ्याकडं पाहत होती, मग मलाही हसू आलं.

संध्याकाळी तिनं शाळेच्या वऱ्हांड्यात लोक गोळा केले. उद्याच्या मोर्च्यासाठी म्हणून सगळे आले होते. काही बायांनी घागरीही घासून आणल्या होत्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, "तपासनाऱ्याले शिव्या देऊ नका. त्यानं बरोबर तपासलं. पानी पाहुन्याच्या माठातलं होतं. मी भरलं."

मी जावेकडं पाहायचं टाळत होते. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "मंग तं तुवं बरोबरच होतं. साहेबाले काय खारं देतं का कोनी?"

"मी बी तेच केलं असतं," दुसरी म्हणाली.

"मी तं बर्फ बी टाकला असता," तिसरी म्हणाली.

आणि सभा हसण्यावर गेली. फक्त जुने सरपंच हसत नव्हते. त्यांचा मोर्चा हातचा चालला होता.

सुनेनं सांगितलं की आपण अर्ज देऊ. नमुना चुकीच्या भांड्यातून भरला गेला, चूक गावाची आहे, पुन्हा तपासणी करावी. जुने सरपंच ताडकन उठले. "चूक आपली म्हनून कोनी सरकारले लिहून देते काय? मी पंधरा वर्सं सरपंच होतो, एक बी चूक केली नाई! म्हंजे, लिहून नाई देली."

"मामाजी," ती म्हणाली, "आपन घागरी घेऊन गेलो. तुमी भाषन देलं. अन् त्या साहेबानं फाईल उघडून काकूची सही दाखवली. मंग तुमी काय बोलसान?"

मामाजींनी विचार केला. मिशीवरून हात फिरवला. "मंग," ते म्हणाले, "मी म्हनीन, बाई आमच्या गावची नाईच."

"कौंडण्यपूरकडची हाय मी," मी म्हणाले. "खोटं नाई होनार ते."

पुन्हा हशा. अर्ज गेला. सरपंचबाई सांगत होती, कार्यालयातल्या बाबूनं तो दोनदा वाचला, मग शेजारच्या टेबलावरच्याला बोलावून वाचायला दिला. चूक आमची, असा अर्ज म्हणे त्यांच्या नोकरीत आला नव्हता. कुठल्या फाईलला लावायचा हे कळेना, म्हणून तो सरळ मोठ्या साहेबांच्या टेबलावर गेला. शिव्यांचे अर्ज कुठं ठेवायचे, ते त्यांना पाठ होतं.

तपासणीची तारीख आली. आदल्या दिवशी सरपंचबाईनं दवंडीच दिली म्हणा ना. उद्या साहेब येतील, कोणीही, कोणत्याही घरी, गोडं पाणी द्यायचं नाही. चहा विहिरीच्या पाण्याचा, स्वयंपाक विहिरीच्या पाण्याचा. गावात सुतक पडल्यासारखं झालं. बायका एकमेकींना म्हणत होत्या, तोंड कसं दाखवायचं? माझ्यावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. ती स्वतः माझ्या घरी आली, पाहुण्यांचा माठ उचलून गोधड्यांच्या कोठडीत ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचून गेली. घरात गोडं पाणी राहिलं ते फक्त जावेच्या जारमधलं. तेव्हा ते गाडीवर यायचं, यंत्रानं शुद्ध केलेलं, आणि ते तिचं औषध होतं.

साहेब तेच. जीपमधून उतरले आणि मला पाहून खुश झाले. "त्या वेळचं वरण अजून आठवतं."

"आज बी हाय," मी म्हणाले.

मी पान वाढलं. वरणातली डाळ ताटात अशी पसरली, जणू छर्रे. कुकरच्या दहा शिट्ट्या घेऊनही तिनं ऐकलं नव्हतं. साहेबांनी एक घास घेतला, चावला, थांबले, पुन्हा चावला. माणूस संस्कारी. "वेगळं आहे," म्हणाले. मी भिंतीकडं तोंड केलं. जुने सरपंच साहेबांच्या शेजारी बसले होते आणि त्यांचा हात सारखा बंडीच्या खिशाकडं जात होता. सुनेनं पाहिलं. "मामाजी, खिशात काय हाय?"

"काई नाई."

"दाखवा ना."

बंद बाटली निघाली, दुकानातली, गोड्या पाण्याची. "साहेबाले ठसका लागला तं काय करावं, म्हनून आनली," मामाजी म्हणाले. बाटली जप्त झाली. साहेब एकदा सासऱ्याकडं, एकदा सुनेकडं पाहत होते.

मग चहा आला. खाऱ्या पाण्यात दूध नासलं होतं, वर कण तरंगत होते. साहेबांनी घोट घेतला आणि त्यांचं तोंड जसं झालं, तसं माझं चाळीस वर्षांपूर्वी झालं होतं. ते तोंड मला ओळखीचं वाटलं.

तेवढ्यात आतून जाऊ आली. हळूहळू, भिंत धरत. एका हातात स्टीलचा पेला, त्यावर ताटली. सरळ साहेबांपुढं जाऊन पेला ठेवला.

"घ्या, साहेब. हे गोडं हाय."

मी धावले. "अवं, ठेव ते! नाई सांगितलं होतं ना!"

आणि माझी जाऊ, जी आयुष्यात कोणाला उलटून बोलली नाही, ती माझ्याकडं वळून म्हणाली, "लाज नाई वाटत तुमाले? घरी आलेल्या मानसाले खारं पाजून राहिल्या. चार घरचे पाहुने करनाऱ्या बाया तुमी!"

"पन हे तुवं औषधाचं हाय ना!"

"मंग? एक पेला कमी पेली तं मरतो का मी आजच?"

साहेबांनी पेल्याला हात लावला नाही. विचारलं, "औषधाचं म्हणजे?"

सरपंचबाईनं सांगितलं. किडन्या, डॉक्टर, जार. तिनं सूर चढवला नाही. जसं झालं तसं सांगितलं. साहेबांनी जावेच्या पायांकडं पाहिलं. मग ते न शिजलेलं वरण, जप्त बाटली, नासलेला चहा, सगळ्याची त्यांनी मनात कुठंतरी सांगड घातली असावी, कारण ते एकदम हसले. "मागच्या वेळी मी जे वरण खाल्लं, ते..."

"पाहुन्याच्या माठातलं," मी म्हणाले. "अन् तुमची बाटली बी."

साहेब उठले. स्वतः हापशावर गेले, स्वतः दांडा मारला, स्वतः बाटली भरली. नंतर विहिरीवर गेले. मग शाळेच्या बोअरवर. प्रत्येक बाटलीवर त्यांनी आपल्या हातानं चिठ्ठी लिहिली आणि कागदावर सरपंचबाईची सही घेतली. मी पेन मागितलं तर म्हणाले, "काकू, तुम्ही राहू द्या." जाताना मात्र ते जावेपाशी थांबले, पेला तिच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "हे तुम्ही प्या. मी पाहतो."

पाहुण्यानं पाणी परत केलं म्हणून जाऊ दिवसभर फुगून होती.

गाव योजनेत आलं. मी काही असं म्हणणार नाही की लगेच आलं. कागद आला, मग पाऊस आला, मग खोदकाम आलं, मग खोदलेलं बुजलं, मग पुन्हा खोदलं. ती पोरगी प्रत्येक वेळी वही काखेत मारून अकोल्याला जायची आणि परत येऊन चावडीवर सगळं वाचून दाखवायची. काम अडलं तर अडलं म्हणून सांगायची, कोणामुळं अडलं तेही. एकदा तिच्या स्वतःच्या चुकीनं एक कागद राहिला होता, तेही तिनं वाचून दाखवलं. मामाजी खाली मान घालून बसले. आम्हांला मात्र बरं वाटलं. भाषणं मी आयुष्यभर ऐकली. राज्य चालवणं म्हणजे काय ते मला तेव्हा थोडंफार समजलं. ज्याच्या हाती कारभार आहे, त्यानं पाण्याची चव आहे तशी सांगितली पाहिजे, घरच्यांनाही आणि वरच्यांनाही. आमच्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या ती लपवली. आणि मग ओरडत राहिलो की वरच्यांना कळत कसं नाही.

नळ आला. दर तिसऱ्या दिवशी येतो, तासभर. आमच्या घरचा नळ गल्लीत पहिला नाही, पण येतो. डॉक्टर म्हणतात, गेलेल्या किडन्या परत येणार नाहीत. पण आहेत त्या अजून चालून राहिल्या आहेत, सूज उतरली आहे, आणि जारवाल्या गाडीची वाट पाहत ओट्यावर बसणं संपलं.

गेल्या महिन्यात एकदा नळाची पाळी असून पाणी आलं नाही. सकाळ गेली, दुपार झाली. मी म्हणाले, जाऊ दे, उद्या येईल. मागं वळून पाहते तर जाऊ घरात नाही. शोधत शोधत ग्रामपंचायतीत गेले. बाई सरपंचाच्या खुर्चीत बसलेली, पाय हलवत. समोर सरपंचबाई उभी.

"कावून नाई आलं पानी?" जाऊ विचारत होती.

"काकू, चावी फिरवनारा लग्नाले गेला मूर्तिजापूरले. सांगून नाई गेला. चूक माही, दुसरा मानूस ठेवाले पाह्यजे होता."

"मंग चावी कोठं हाय?"

"हे काय, आलमारीत."

जावेनं हात पुढं केला. टाकीचा व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी लांब चावी होती ती, तिच्या कमरेएवढी. सरपंचबाई एका टोकाला, जाऊ दुसऱ्या टोकाला, अशा दोघी टाकीकडं निघाल्या. मी मागून ओरडले, "अवं, डॉक्टरनं ओझं उचलाले नाई सांगितलं ना!"

"तुमी मंग या ना धराले," जाऊ मागं न पाहता म्हणाली. "नुसत्या पाहून काय राहिल्या?"